दसऱ्याच्या आधी भरलेले फॉर्म

भानुदास,

परवा तुझ्या दहाव्याला मी खोटं बोललो. तोंडानं काही बोललो नाही. नुसता मान खाली घालून राहिलो आणि लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. तू असतास तर म्हणाला असतास, "वसंता, तुझं हे लई जुनं हाय बे. गप बसायचं आन् वर सभ्य दिसायचं."

गावाबाहेर ओढ्याच्या काठी पिंड ठेवला आणि माणसं मागं सरली न सरली तोच कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझा चुलता म्हणाला, "काय मागं ठेवलं न्हाई बघा पोरानं. समाधानानं गेला." म्हणताना तो माझ्याकडं बघत होता, कारण मी विद्यापीठातला माणूस, तुझा एम.ए.पासूनचा दोस्त, तुझ्या समाधानाची खबर मला असणार. मला खबर होती ती एवढीच, की तुझी एक इच्छा सात वर्षं माझ्या कपाटात सुतळीनं बांधून पडली आहे आणि त्या कावळ्याला अर्थशास्त्रातलं काही कळत नाही.

मग लिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर लोक बसले. तुझी विद्यार्थिनी रेखा उठली. आता ती एका शाळेवर शिकवते, आवाज तसाच खणखणीत आहे. म्हणाली, "आमच्या सरांनी एम.ए.ला एक पेपर चालू केलता. अवर्षण आणि सहकार. विद्यापीठानं तो बंद केला. पण सर आमाला कायम सांगायचे, माझा दोस्त त्या मीटिंगीत एकटा भांडला. आपल्यासाठी कुणीतरी भांडलं, हे इसरू नका. ते वसंत सर आज हितं बसलेत." सगळ्यांनी वळून बघितलं. एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मीही जोडले.

मी भांडलो नव्हतो, भानुदास. त्या बैठकीत मी तुझ्या पेपरसाठी एक शब्द बोललो नाही. हे तुला माहीत होतं का, एवढंच मला परवापर्यंत विचारायचं होतं. आता तेही विचारायचं उरलं नाही. ते का, ते पुढं सांगतो. आधी मला थोडं मागं जाऊ दे.

आपण दोघंही बीड जिल्ह्याचे, पण मी कालव्याच्या बाजूचा आणि तू कोरड्या. माझं घर माजलगावला, धरणाखाली. वडील साखर कारखान्याचे संचालक, घरामागं ऊस. तुझं घर धर्मापुरीजवळ, आईबाप दसरा झाला की ट्रकमध्ये संसार भरून ऊस तोडायला जाणारे. विद्यापीठाच्या हॉस्टेलात आपल्या कॉटा शेजारी लागल्या तेव्हा माझं गाव ऐकून तू म्हणालास, "मंजी तुमचा ऊस आन् आमचा कोयता. जमंल आपलं." मी खळखळून हसलो. मला त्यात हसण्यासारखं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी मला सीमान्त उत्पादकता काही केल्या कळत नव्हती. सर फळ्यावर वक्र काढायचे, मी तो वहीत सुंदर उतरवून घ्यायचो आणि डोक्यात ठणठणाट. त्या साली पाऊस नव्हता. हॉस्टेलला एक दिवसाआड पाणी यायचं आणि आपण बादल्या लावून रांगेत बसायचो. तिथं तू मला शिकवलंस. "हे बघ. फडात पहिला कोयता लावला. कोयता मंजी नवरा-बायकोची जोडी, आमच्यात माणशी मोजत न्हाईत. दुसरा लावला, काम वाढलं. तिसरा, चौथा. आठवा लावला की एकमेकांच्या पायात येत्यात, मोळ्या टाकायला जागा ऱ्हात न्हाई. मंग आठव्यानं किती भर घातली? तेच तुझ्या सरांचं वाकडं चित्र." आपली पाळी येऊन बादली भरेपर्यंत मला सगळं कळलं होतं.

ते उदाहरण मी तीस वर्षं वर्गात सांगितलं. माझ्या पाठ्यपुस्तकातही आहे, चौथ्या प्रकरणात. फक्त कोयता काढून मी तिथं 'मजूर क्र. १, मजूर क्र. २' असं केलं, आणि तुझं नाव प्रस्तावनेतसुद्धा घातलं नाही. पुस्तक तुला सही करून दिलं होतं. ते प्रकरण वाचून तू एवढंच विचारलंस, "ह्या मजुराची बायको कुठं गेली बे?" मी म्हणालो, पाठ्यपुस्तकात सोपं करून लिहावं लागतं. लाज वाटायला मला तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

आणि आपलं ते न संपलेलं भांडण. सहकाराच्या तासाला सर सांगत होते, की सहकारी संस्था सभासदांच्या मालकीची असते. तू उभा राहिलास. "सर, ऊस लावतो तो सभासद. मंग तोडतो तो कावून न्हाई? त्याच्याबिगर कारखान्याचं धुराडं पेटंल का?" मी संचालकाचा मुलगा, मागच्या बाकावरून म्हणालो, "सभासद व्हायला शेअर लागतो, कोयता नाही." वर्ग हसला. तू पण हसलास, पण खाली बसताना म्हणालास, "पॉइंट हाय. ह्याचं उत्तर मी तुला देणार, वसंता."

ते उत्तर म्हणजे तुझा पेपर. मला विद्यापीठात नोकरी लागली, तू गावाकडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राहिलास. जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये रिकामा, पुन्हा जूनमध्ये मुलाखत. केस पिकले तरी तुझ्या नावापुढं 'पूर्णवेळ' लागलं नाही. पण एम.ए.च्या शेवटच्या सत्रासाठी तू एक ऐच्छिक पेपर लिहून काढलास. पाण्याच्या सोसायट्या, चारा छावण्या, कारखाने, आणि शेवटचं प्रकरण तोडणी कामगारांची स्वतःची सहकारी संस्था कशी उभी राहील यावर. मी तो अभ्यास मंडळात मांडला आणि मंजूर करून घेतला. तेव्हा मी मंडळावर नवा होतो, आणि खरंच भांडलो होतो. तू पोरांना सांगायचास ती कदाचित ती बैठक असेल, असं मी परवापासून स्वतःला तीनदा सांगून बघितलं. पटत नाही.

तुझा वर्ग मी एकदाच बघितला, दुष्काळाच्या साली, चारा छावणीत. गावच्या सोसायटीनं चालवलेली छावणी, उन्हात जनावरांच्या रांगा, आणि तू पोरांना दावणीजवळ बसवून विचारत होतास, की ज्याची दोन जनावरं आहेत त्यानं पाच सांगितली तर काय होईल. पोरं पुस्तकी उत्तरं देत होती. शेजारी म्हशीला वैरण टाकणारी एक म्हातारी म्हणाली, "काय व्हतंय? चारा सपतो. माजी बी म्हैस उपाशी आन् त्याची बी." तू पोरांकडं वळलास. "लिवून घ्या. पुस्तकात ह्याला अकरा पानं लागलीत." मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला होता. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की भानुदासचा वर्ग म्हणजे जत्रा असते.

तुझं वेळापत्रकही निराळं. दसरा झाला की तुझा अर्धा वर्ग आईबापांबरोबर, नाहीतर नवऱ्याबरोबर, फडावर जायचा. एप्रिलमध्ये पोरं परतली की तू सकाळी सहाला तास घ्यायचास, ऊन चढायच्या आत. त्या तासांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. आणि ऐच्छिक विषयाचे फॉर्म तू दसऱ्याच्या आधीच भरून घ्यायचास, कारण नंतर सही करायला माणूसच नसायचं. बाकी विद्यापीठ जानेवारीचा विचार डिसेंबरात करायचं, तू सप्टेंबरात करायचास.

मग नियम बदलला. निवड ऑनलाइन, दिवाळीनंतर, तीही कॉलेजात हजर राहून. वीस मुलं नसतील तो पेपर बंद. शिवाय नव्या रचनेत दोन ऐच्छिक पेपरांतला एकच ठेवायचा होता. एक तुझा, दुसरा इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातली मोजमापं, तो माझा. आणि मंडळाचा अध्यक्ष मी. हे सगळं माहीत असून तू गठ्ठा घेऊन माझ्याकडंच आलास. जुन्या छापील नमुन्यावर भरलेले चौतीस फॉर्म, सुतळीनं बांधलेले. "पोरं गेली फडावर. कम्प्युटर म्हणंल पोरंच न्हाईत. तू मीटिंगीत हे ठेव आन् एवढंच सांग, पोरं हायेत, ऊसतोडीला गेलीत." मी म्हणालो, "बघतो." तू चहा घेतलास आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेलास.

डिसेंबरात मी माजलगावला घरी गेलो. आमच्या उसाला तोड आली होती, भाऊ म्हणाला चल बघायला. फडात एक मुलगी मोळी बांधताना उभी राहिली. डोक्याला फडकं, हातात कोयता, तोंडावर उसाच्या पाचटाची कुसळं.

"नमस्ते सर. वळखलं का? मी रेखा. तुमी आमच्या प्रोजेक्टच्या व्हायवाला आलता."

मी म्हणालो, हो हो.

"सर, आमचे फॉर्म पोचले का तुमच्याकडं?"

"पोचले."

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. भावानं विचारलं, कोण रे ही? मी सांगितलं, असेल कुठल्यातरी कॉलेजातली. माझ्याच हातानं मी तिला चाळीसपैकी सदतीस मार्क दिले होते, भानुदास. तिचं नाव गाव मला सगळं पाठ होतं.

पुढच्याच आठवड्यात बैठक झाली. यादी समोर होती: तुझ्या पेपरला सहा मुलं. एक सदस्य, शहरातले, मनानं वाईट नव्हेत, चष्मा पुसत म्हणाले, "बीडची मुलं डिसेंबरात जातात कुठं हो?" एक-दोघं हसले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी बीडचा. गठ्ठा माझ्या पायाशी पिशवीत होता. मी तो नेला होता, हे तुला कधीच सांगितलं नाही. सुतळी सोडायची आणि एक शब्द उच्चारायचा, एवढंच काम होतं.

मला माझा पेपर वाचवायचा होता, हे खरं आहे, पण ते अर्धंच. ते तरी मी कबूल करू शकलो असतो. अध्यक्ष झाल्यावर माणूस थोडा हलकट होतो असं म्हणून सुटलो असतो. उरलेलं अर्धं जास्त घाण आहे. त्या गुळगुळीत टेबलाशी मला कोयत्यांच्या जिल्ह्यातला म्हणून दिसायचं नव्हतं. आणि 'ऊसतोडीला' म्हटलं असतं तर पुढं कुणीतरी विचारलं असतं, कुणाच्या उसाला? मला रेखाच्या डोक्यावरचं फडकं दिसत होतं. मी म्हणालो, "उपस्थितीची जरा अडचण असते तिकडं." इतिवृत्तात तेच वाक्य आहे आणि खाली माझी सही.

तुझा फोन आला. मी म्हणालो, नाही जमलं, नियमच तसा. तू म्हणालास, "बरं. तू एकटा काय करणार." त्या पेपराबरोबर तुझे तास गेले. पुढं तू एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला टंचाईची व्याख्या शिकवत राहिलास. फॉर्म परत मागितले नाहीस. ऑक्टोबरात नेहमीसारखा सीताफळांची पिशवी घेऊन आलास, नातवाची चौकशी केलीस, माझ्या गुडघ्यांसाठी कुठलंसं तेल सांगितलंस. मी तुझी सीताफळं खाल्ली. त्या सालीही आणि नंतरच्या प्रत्येक साली. तुझ्याइतकं मला कुणी सांभाळून घेतलं नाही. माझ्या सख्ख्या भावानंही नाही.

या दिवाळीत आपण फोनवर पुन्हा तेच भांडलो. तू म्हणालास, तोडणाऱ्याचा हंगामच त्याचा शेअर धरायचा. मी म्हणालो, कागदावर ठीक आहे. तू चिडलास. "कागदावरच तर मागतोय बे! कागदावर बी देणार न्हाईस का?" मी विषय बदलला. ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं.

परवा जेवणं झाल्यावर मी निघालो तर सिंधूवहिनी दारापर्यंत आली. "भावजी, एक मागू का? माझा फॉर्म तेवढा द्या."

"कुठला फॉर्म, वहिनी?" मी विचारलं. एवढंही करून पाहिलं मी.

"तुमच्या कपाटातल्या गठ्ठ्यात हाय तो. ह्यांनी सांगितलतं मला. म्हणले, वसंतानं दाखवले न्हाईत ते कुणाला. पण टाकून बी दिले नसतील, तसा न्हाई तो." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर माझी सोय झाली असती. "त्याच्या मागं शिफारशीत ह्यांनी माझ्याबद्दल कायतरी लिवलंय. मला वाचू दिलं न्हाई. विद्यापीठाचं गोपनीय हाय म्हणले. तोंडावर कधी चांगलं बोलले न्हाईत, तुमाला तर माहीत हाय. तेवढं वाचायचं हाय मला."

म्हणजे तुला माहीत होतं. सगळं माहीत असून तू पोरांना सांगत राहिलास की वसंता भांडला. आधी वाटलं, मला वाचवत होतास. मग लक्षात आलं, मला कशाला वाचवशील? पोरांनी असं समजू नये की त्या टेबलाशी आपलं म्हणणारं एकही माणूस नव्हतं, म्हणून तू एक माणूस तयार केलास आणि त्याला माझं नाव दिलंस. माझी अब्रू त्यात आयतीच राहिली.

वहिनी त्या वेळी तुझ्या कॉलेजातून एम.ए. करत होती हे मला माहीत होतं. त्या चौतिसांत ती आहे हे माहीत नव्हतं, कारण सुतळी मी कधी सोडलीच नाही. रिटायर होताना खोलीतलं सामान घरी आणलं, त्यात गठ्ठाही आला आणि इथल्या कपाटात गेला. आज सकाळी सोडला. रेखाचा फॉर्म सगळ्यात वर होता. वहिनीचा सगळ्यात खाली. 'हा विषय निवडण्याचे कारण' या रकान्यात बहुतेकांनी 'आवड' असं एका शब्दात उरकलंय. वहिनीनं रकाना भरून बाहेर लिहिलंय: "मी चौदा हंगाम ऊस तोडला. लग्नाआधी बापाबरोबर आणि दुष्काळाच्या वर्षांत भावाबरोबर. जोडी नसल्यामुळे माझी मोजणी अर्धा कोयता अशी झाली. बाई पूर्ण कशी मोजतात ते शिकायचे आहे."

मोजायला शिकवणारा पेपर माझा होता, भानुदास. तो मी वाचवला. त्यात तिला सांगण्यासारखं एक अक्षरही नव्हतं.

फॉर्म उलटा करायला हात गेला होता. तुझं अक्षर पलीकडून थोडं उमटलंही आहे, तू पेन दाबून लिहायचास. पण मी नाही उलटला. सात वर्षं एका नवऱ्यानं बायकोबद्दल लिहिलेले दोन शब्द मी अडवून ठेवले, निदान ते तिच्या आधी वाचणार तरी नाही.

उद्या सकाळच्या एस.टी.नं धर्मापुरीकडं निघतोय. रेखालाही बोलावलं आहे, गठ्ठा सगळाच नेतोय. आधी वहिनीला तिचा फॉर्म देईन. तिचा वाचून झाला की हे जे लिहिलंय ते त्या दोघींसमोर मोठ्यानं वाचीन, मधलं काही न गाळता. त्यानंतर तू तयार केलेला तो भांडणारा वसंता उरणार नाही. पोरांना वाईट वाटेल. त्याबद्दल तुझी माफी मागतो; बाकीच्या गोष्टींची मागायची मला छाती होत नाही.

त्या बैठकीतला प्रश्न अजून माझ्याकडंच पडून आहे. बीडची मुलं डिसेंबरात जातात कुठं? ऊसतोडीला जातात. त्या डिसेंबरात आमच्याच शेतात होती.